गाडीवाट

ब्याण्णव साली उटनूरच्या पोस्टात रजिस्ट्रीच्या लाइनीत माझ्यापुढे दोघं होते. एक कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा तरुण, हातात अमेरिकेचा पत्ता लिहिलेलं जाड पाकीट; दुसरे धोतराला कापूस चिकटलेले काका.

"अमेरिकेले? कोन हाय रे तिथं तुहं?"

"समिती हाय, काका. कॉम्प्युटरच्या एका भाषेचे नियम ठरवते. कोनीबी सुचवू शकते."

"अन तू काय सुचवून राह्यला?"

"त्या भाषेत एक जुनी सोय हाय. तिच्यानं लई चुका होतात. काढून टाका म्हन्तो. दोन वर्सं लागले हे लिव्हाले."

"मंग ज्यायनं ते सोय वापरली, त्यायचं काय?"

"त्यायचे प्रोग्राम बंद पडतीन."

"इचारलं त्यायले?"

"हजारो लोक हायेत! कोनाकोनाले इचारू?"

"मी वावरातली गाडीवाट बंद केली, तं पयले सोजरबाईच्या घरी गेलो. तिची बंडी तिथूनच जाये. तिले दुसरी वाट काढून देल्ली, मंग काटे टाकले."

"ते वावर हाय, काका."

"बरं. तुह्या वळखीत कोनाचं बंद पडते?"

"पयले तं माह्याच कॉलेजाचं. रिझल्टचा प्रोग्राम मीच लिव्हला, ते सोय वापरून."

"घ्या!"

"काका, पेन हाय का? दुसरी वाट लिव्हा लागते. पन आज शेवटची तारीख हाय, आजचाच शिक्का पायजे, अन खिडकी चारले बंद होते."

"मंग बस त्या बाकावर. लाइन मी धरतो."

खिडकीपाशी काकांचा नंबर आला. ते बाजूला सरले.

"तुमी व्हा पुढं, ताई. तो लिव्हून राह्यला."