दुसरी ओळ

सर : ...आणि कोडच्या दुरुस्तीसोबत लिहिलेल्या नोंदीतली ही दुसरी ओळ काढून टाक. मग दुरुस्ती लगेच मंजूर करतो.

मी : कुठली? ‘मेमरी परत केली जात नव्हती’, ही?

सर : हो. ‘किरकोळ सुधारणा’ लिही. विषय संपला.

मी : किरकोळ? सर, नेटवर्क कार्ड सुरू होताना ते चालवणारा आपला प्रोग्रॅम, हा ड्रायव्हर, मेमरीचे चार तुकडे मागतो. तिसरा मिळाला नाही की सरळ ‘जमलं नाही’ म्हणून बाहेर. पहिले दोन तसेच अडकलेले. मग पुन्हा प्रयत्न, पुन्हा दोन अडकले.

सर : अरे, पण तिसरा मिळत नाही असं होतं कधी? आठ वर्षं चाललाय हा कोड.

मी : मी चाचणीत मुद्दाम मिळू दिला नाही. जेवून आलो तर मेमरी संपून मशीन ठप्प.

सर : नसती उठाठेव! आणि गेल्या आठवड्यात तू काय दिवे लावलेस?

मी : चारही परत करत सुटलो. जे मिळालेच नव्हते तेसुद्धा. मशीन जागीच आडवं.

सर : व्हिडिओ बघून शिकलं की असंच होतं.

मी : होतं ना. म्हणून आता जेवढे हातात आले तेवढेच परत. आधी दुसरा, मग पहिला. आणि ते लिहिलंय खाली. ‘आधीची दुरुस्ती चुकली, चूक माझी.’

सर : शहाणाच आहेस. उद्या तुला कायम करायचं का ते ठरतंय. मीटिंगला मी असणारे.

मी : माहितीये.

सर : वरचे सगळे वाचतात रे हे. मूळ कोड कुणाचा, सगळ्यांना ठाऊक आहे.

मी : तुमचं नाव कुठे लिहिलंय मी?

सर : लिहायला कशाला हवं?

मी : सर, माझ्या जागी उद्या दुसरा येईल. ‘किरकोळ’ वाचेल आणि माझ्या चार ओळी उडवेल. मग परत तेच.

सर : तुझ्या जागी! म्हणजे ठरवूनच आलायस.

मी : छे, जाम टरकलीये माझी. पण ओळ राहणार.

सर : आणि मी नामंजूर केलं तर?

मी : करा ना. खाली कारण लिहा फक्त. तेही सगळे वाचतील.

सर : धमकी देतोस?

मी : नाही. मंजुरीला पाठवतोय.

(कळ दाबल्याचा आवाज.)

सर : पाठवलंस?

मी : पाठवलं.

सर : ...निदान ‘कधीकधी’ तरी घालायचं होतंस.

मी : कधीकधी नव्हतं ना, सर. तिसरा मिळाला नाही की दर वेळी होतं.