मुंग्या गुदामात, बाळंतीन पान्यात

माझं म्हायार निघोज्याचं, इंद्रायनीच्या काठचं, पावसाळ्यात नदीनं अंगनापत्तूर येऊन जावं असं घर, त्यामुळं पान्याचं भ्या मला न्हाई, मानसांचं हाय. आदी हे लिवून घ्या बाई, मंग बाकीचं सांगते. लगीन झालं आन् मालकांबरूबर पिंपरीला आले. तवाची पिंपरी म्हंजी नुसता माळ, कुसळं आन् सराटं, आन् त्या माळावर एक कंपनी उभी ऱ्हात व्हती. मालक पल्याड खाणीत दगूड फोडायचे, मी आन् सासूबाई पाया भरायच्या कामावर मुरमाच्या पाट्या व्हायच्या. सासूबाईंना मी आत्या म्हनायची.

आता ऱ्हायाला जागा कुटं दिली आमाला? काय सांगू तुमास्नी, वढ्याच्या पोटात! मुकादम म्हनला, पानी जवळ हाय, चैन करा. आन् मंग त्यांनीच रस्ता पायजे म्हनून खालच्या अंगाला भराव टाकला, वढ्याची वाटच बुजवली. टाकला आमीच, आमच्याच डोक्यावरच्या पाट्या, सांगतील तिथं वतायच्या. पर वढ्याला कुनी इचारलं का, की बाबा, आता तू कुटनं जाशील? आजबी त्याचा मला संताप येतो.

श्रावनात मी बाळंत झाले, पहिलटकरीन, मुलगी झाली. पाचवी पुजायची म्हनून आत्यांनी पाटा उचलला, तर त्याच्याखालनं मुंग्यांची ही रांग चाललेली, हरएकीच्या तोंडात पांढरं अंडं. झोपडीतनं निघून वर गुदामाकडं चालल्या व्हत्या. गुदाम म्हंजी सिमिटाचं, मानसाएवढ्या उंच वट्यावर, पत्र्याचं. आत्या कशीबशी पाचवी उरकून मुकादमाकडं गेल्या, म्हनल्या, बाबा, मुंग्यांनी अंडी हलवली, पानी येनार, माझ्या बाळंतिनीला गुदामात कोपरा दे. तो हसला. म्हनला, म्हातारे, मुंग्यांचं काय ऐकती, आत कंपनीचा माल हाय.

आन् सांजच्याला बगते तर काय, ह्या बाबानं आपली खाट गुदामाच्या वट्यावर नेलीया, आन् कोंबड्यांचं खुराडं तर आत नेऊन ठिवलंय! मंग? कळत नव्हतं व्हय त्याला? खेड्यातलाच की तो. मुंग्यांचं समदं कळत व्हतं, आमचं तेवढं कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाप्ये खाणीवर गेलेले आन् धो धो पानी आलं. भरावाला थटलं आन् माघारी फिरून वस्तीत शिरलं. मी बाजंवर, लेकरू छातीशी. वस्तीवरच्या बायांनी माझी बाज खांद्यावर घेतली. पानी त्यांच्या कमरंच्या वर. मी बाजंवरनं बगते तर पान्यावर भाकरीएवढं तांबडं काईतरी तरंगत येतंय. मुंग्याच! येकमेकींचे पाय धरलेल्या, मधी अंडी, पिल्लं. खालच्या वर यायच्या, वरच्या खाली जायच्या, पर सुटायची न्हाई एक. ते येऊन माझ्या बाजंच्या पायाला चिकटलं, आन् मुंग्या वर चढून बायांच्या हातांना चावाया लागल्या. एकीनं झाडाया हात उचलला तर आत्या म्हनल्या, ऱ्हाऊ दे गं, त्याबी लेकुरवाळ्या. आन् बायाबी तशाच, एकीचे खांदे भरले की दुसरी खाली शिरायची. मुंग्यांनी शिकवलं असं मी म्हनत न्हाई. येळ आली की बाईला येतंच ते.

वट्याशी आलो तर मुकादम पायऱ्यांवर आडवा. म्हनला, वली अंगं घिऊन आत येऊ नका, सिमिटाचा दगूड व्हईल, जबाबदारी कुनाची? वर म्हनला, आन् पोरगीच झालीया न्हवं, एवढा कालवा कशापायी? ऐकलंत? पोरगीच! आत्या म्हनल्या, मेल्या, तुझ्या कोंबड्या आत आन् माझी नात भाईर? चावी त्याच्या कडदोऱ्याला बांदलेली. आत्यांनी सरळ त्याच्या कडदोऱ्यालाच हात घातला. तसा तो लाजंनं पानी पानी झाला, आन् आपल्याच हातानं कुलूप काडून दिलं.

आत बाज टेकवली आन् बाजंच्या पायावरची ती मुंग्यांची भाकर मोकळी झाली, रांग धरून भिताडावर गेली. तिथं आमच्या पाट्याखालच्या मुंग्या आदीच बसलेल्या. त्यांना कुनी जबाबदारी इचारली नव्हती.

पानी वसरलं. बडा साहेब आला, पयला सवाल काय? पोती किती गेली! बाळंतीन कशी हाय, एका शब्दानं इचारलं न्हाई. मुकादमानं बोट दावलं आमच्याकडं, आन् आमाला कामावरनं काडलं. भरावाचं नाव कुनी काडलं न्हाई. भिजून दगूड झालेली पोती वढ्याकाठी फेकून दिली. त्यातलं एक आत्यांनी लोटत लोटत आमच्या नव्या खोपटाशी आनलं, त्याच वढ्याच्या काठाला जरा वर घातलेल्या, म्हनल्या, ह्याच्यापायी आमाला हाकललं काय, मंग हे माझ्या दारात पायरी म्हनून पडंल, रोज पाय देईन ह्याच्यावर.

ही काय, त्याच्यावरच बसलीया मी. हात लावून बगा, तागाच्या पोत्याची वीण अजून दिसती. आत्या गेल्या, मालक गेले. आत च्या टाकतीया ना, तीच माझी लेक, ती पाचवीची. तिचेबी केस पांढरे झाले.

पर बाई, परवापासनं ह्या दगडाखालनं मुंग्या निघाल्यात, अंडी घिऊन. पल्याडच्या बिल्डिंगवाल्यांनी गाड्या लावायला वढ्यात भराव टाकलाय. लेक सांगाया गेली, तर वाचमन म्हनतो, आजी, मुंग्यांवर फवारा मारा. तवा मुकादम हसला व्हता, आता ह्यो हसतो. माझी बाज तीच हाय, अजून भक्कम. खाली शिरायला कोन हाय, तेवढं सांगा. जाऊ द्या. तुमी तरन्या हाय. तुमच्या बाजंखाली शिरनाऱ्या बाया तुमाला मिळू देत, दुसरं काय देऊ मी.