उद्या खोल जायचंय

हॅलो?… हॅलो, कोण बोलायलंय?… व्हय, श्रीनाथची आईच बोलते. तुमी कोण?

कुलदीप? कोणता कुलदीप?… आरं, आपल्या ईट गावचा? आमच्या श्रीनाथचा दोस्त? किती दिसांनी रं लेकरा! नंबर नवा हाय व्हय? म्हणून वळखलं न्हाय.

न्हाय, न्हाय, बोल की. भट्टीवर बसलेय, खवा आटायला लागलाय. एका हातात उलथनं, एका हातात फोन… तुझे काका, आमचे हे व्हय? ते दूध आणायला गेलेत वरच्या आळीला. येतील इतक्यात.

श्रीनाथच्या वर्षश्राद्धाला आला न्हाईस तू… रागवायले न्हाय रं. तुझ्या वाटचं ताट वाढून ठिवलं होतं, एवढंच. सगळे दोस्त आले, तूच न्हाय… बरं, राहू दे. कुठं हाईस आता? पुण्याला ना? तुझी आई सांगत होती, कंपनीत लागलाय म्हणून.

न्हाय? मग?

…मालवण?

…हाय, हाय. ऐकायलेय. फोन कट न्हाय झाला. बोल तू.

तेच डायव्हिंगचं सेंटर, श्रीनाथचं?… दुसरं. बरं. आन काम काय?… हवेच्या टाक्या उचलायचं. श्रीनाथ बी तेच करायचा आधी. बोटीत टाक्या चढवायच्या, पाव्हण्यांना पट्टे बांधायचे. खांद्यावर वळ उठले होते त्याच्या… तुझ्या बी उठलेत? खोबरेल लाव जरा.

आन आईला पुणं सांगितलंस… रडंल म्हणून. रडंलच की. माझ्याकडं बघून बघूनच ती निम्मी झालीय. समुद्राचं नाव काढलं तरी विषय बदलती बिचारी.

मग मला कशाला सांगायलास?… आं? मोठ्यानं बोल, वारं लई हाय तिकडं.

पास झालास? पहिला कोर्स?… अरे वा. बरं झालं… न्हाय रं, खरंच म्हणायले. तुझं चांगलं झाल्यावर मला वाईट का वाटंल? कार्ड मिळालं का? फोटो हाय त्यावर?… श्रीनाथचं हाय माझ्याकडं. त्यात केस वले हायत त्याचे, आन हसतोय.

काय दिसलं खाली?… कासव! लई मोठं?… व्हय, तो बी असंच सांगायचा. म्हणायचा, आई, खाली दुसरा आवाजच नसतोय, आपला आपल्यालाच श्वास ऐकू येतो. तुला बी आला?… आला ना? मग खरंच सांगत होता.

उद्या? उद्या काय हाय?

…दुसरा कोर्स. उद्याच?

आरं, पण पहिला कवा झाला?… परवा. परवा कार्ड मिळालं आन उद्या खोल. किती खोल?… तीस मीटर. आन पहिल्या कोर्सात?… अठरापर्यंत. तू गेलास कितीपर्यंत?… बाराच.

थांब जरा. कढईला खालून लागायलंय… हां. हलवलं. आच कमी करते… बोल आता.

काय पाहिजे? आशीर्वाद?

न्हाय देणार.

…न्हाय, चेष्टा न्हाय. देऊन माझं काय जायलंय? पण न्हाय द्यायचा. आधी माझं ऐकून घे… आरं ऐक ना. मधी बोलू नको.

घाई कुणाला हाय? तुला का मालकाला?… सीझन सुरू झाला. खोल नेणारी पोरं कमी पडायलीत… आन तो म्हणला, कुलदीप, तू तर माशावाणी पोहतोस, तुला काय दुसऱ्यांवाणी दिवस घालवायची गरज न्हाय… असंच म्हणला ना?… मला कसं कळलं? श्रीनाथला बी त्याच्या मालकानं हेच म्हणलं होतं, म्हणून कळलं. फोन करून मला सांगत होता, आई, मालक म्हणतो तू माशावाणी हाईस. किती फुगला होता! आन मी बी फुगले. जावेला सांगून आले.

काय? नियमात बसतं? पहिल्यामागं लगेच दुसरा केला तर चालतो?… चालत असंल. खोटं न्हाय म्हणत मी. नियमात श्रीनाथ बी बसत होता, कुलदीप.

…न्हाय. अटॅक न्हवता.

अटॅक न्हवता रं. गावाला आमी तसं सांगितलं. म्हंजे मीच सांगितलं. तुझ्या काकाला बी तेच सांगितलं. आत्ता ते घरात न्हाईत म्हणून बोलायले. तू कुणापाशी बोलू नको.

पहिला कोर्स झाला आन तिसऱ्या दिवशी त्याला खोल नेलं. तोंडावरच्या त्या चष्म्यात… हां, मास्क, मास्क. मास्कमधी पाणी शिरलं. नाकात गेलं. लहान गोष्ट की न्हाय? तुला काढता येतं ना पाणी?… त्याला बी येत होतं. शिकवलं होतं. पण बिचकला. आन बिचकल्यावर नवं शिकल्यालं कुठं आठवतंय माणसाला? लहानपणापास्नं केल्यालंच करतो. हिरीत करायचा तेच केलं त्यानं. दम रोखला, पाय मारले, सुळकन वर.

हवा? होती की टाकीत. निम्मी टाकी भरल्याली होती… व्हय. हवा असून.

डॉक्टरनं मला बाजूला बसवून सांगितलं. म्हणला, ताई, हिरीत आपण वरचीच हवा छातीत घेऊन खाली जातो आन तीच घेऊन वर येतो, तिथं दम रोखला तर काय होत न्हाय. पण ह्यांनी खाली असताना टाकीतली हवा घेतल्याली असती, दाबल्याली. ती रोखून वर आलं की छातीत फुगत जाती. फुगत जाती आन… पुढचं न्हाय सांगत. तुला शिकवलं असंलच.

…शिकवलंय ना? पहिल्याच दिवशी? श्रीनाथला बी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. वहीत लिहून घेतलं म्हणून काय अंगात मुरतंय व्हय?

का न्हाय सांगितलं काकाला?… तूच सांग की. तुमाला दम रोखायला शिकवलं कुणी? श्रीनाथला, तुला, त्या बिराप्पाला? हिरीच्या काठावर बसून कोण म्हणायचं, तळाचा गाळ मुठीत आणल्याबिगर वर यायचं न्हाय?… मग. श्रीनाथ समद्यात जास्त वेळ खाली राहायचा. हे आख्ख्या गावाला सांगत फिरायचे. आन वर माझा जीव कासावीस व्हायचा, पाण्यावर डोकं दिसंस्तवर. त्या माणसाला मी कसं सांगू, तुमी शिकवल्यालं पोरानं तिथं बी केलं म्हणून?

राग येतो रं मला. पण कुणावर काढावा ते कळत न्हाय. मालकावर काढते, मग स्वतःवर येतो. मग जेवणच जात न्हाय.

आता मला खरं सांग. तुझा कोर्स चालू असताना मास्कमधी मुद्दाम पाणी शिरवलं असंल ना? तवा तू काय केलंस?… नीट केलंस. पहिल्यांदी बी?… पहिल्यांदी काय झालं?… मास्तरनं खांद्याला धरलं. का धरलं?… वर निघाला होतास.

श्वास सोडत होतास का रोखला होता?

…रोखला होता.

…व्हय. वाटलंच होतं मला.

लाजू नको. यात लाजायचं काय? अंगाला जी सवय पडली ती पडली. ती जायला वेळ लागतो, एवढंच. श्रीनाथला पहिला कोर्स शिकवल्याली ती बाई, निवेदिता मॅडम, दहाव्याला आली होती इथवर, ईटला. ह्याच भट्टीपाशी बसून रडली. म्हणली, दुसरा कोर्स वाईट नसतोय, उलट करायलाच पाहिजे. पण मधी वीस-पंचवीस वेळा उथळ पाण्यात उतरायला पाहिजे होता तो. कुणाच्या तरी बरोबर. एकदा गढूळ पाण्यात, एकदा लाटा असताना. मास्कमधी पाणी शिरलं तर छातीत धडकी न भरता श्वास चालू राहिला पाहिजे, आपल्या ध्यानात बी न येता. तसं झालं की मग पुढचा कोर्स. त्याला खोल नेलं तवा ती गावाला गेली होती, तिला विचारलंच न्हाय कुणी.

तुला शिकू नको म्हणत न्हाय मी. शिक की. मास्तर हो. पण उद्या न्हाय… न्हाय म्हणजे न्हाय. तू…

…अहो.

कवा आलात?… थांब कुलदीप, जरा थांब… अहो, किटली ठेवा खाली. सांडायलंय दूध… ऐकलं का तुमी?… कुठपास्नं ऐकलं?

…व्हय. अटॅक न्हवता… व्हय, दम रोखल्यामुळं… अहो, असं बघू नका माझ्याकडं. तुमी हिरीत शिकवलं होतं, समुद्रात न्हाय. तुमाला काय म्हाईत तिथली हवा निराळी असती?… बसा. हितं बसा पाटावर… खवा राहू द्या, करपला तर करपला. काढते मी कढई, हात लावू नका तुमी.

…हॅलो? हाय रं. हे आलेत. ऐकलं त्यांनी… न्हाय, तुझी चूक न्हाय. कवा तरी कळायचंच होतं. वरीसभर मी एकटी घेऊन बसले होते पोटात. आता दोघांनी घेऊ.

बसलेत. हाताकडं बघायलेत स्वतःच्या.

तू रडायलास?… रड. पण असं कोंडून रडू नको. श्वास सोड… सोड, सोड. मोठ्यानं सोड. मला ऐकू येऊ दे… हां. घे आता परत. सोड… आणखी एकदा.

थांब, काका काय तरी म्हणायलेत… काय म्हणता?… मोठ्यानं बोला ना… कुलदीप, काका म्हणायलेत, गाळ न्हाय आणला तरी चालंल म्हणावं. रिकाम्या हातानं वर ये म्हणावं… व्हय, तेच म्हणायलेत. तोंड फिरवून बसलेत, पण म्हणायलेत.

मग काय करतोस?… न्हाय म्हणशील ना मालकाला? कवा?… सकाळी न्हाय. सकाळी बोट सुटायच्या घाईत तू हो म्हणशील, मला म्हाईत हाय. आत्ता सांग. जवळच हाय ना तो? मग फोन चालू ठेव आन सांग. मी ऐकते.

…

…

…ऐकलं. समदं ऐकलं. तो काय म्हणला ते बी ऐकलं. भित्रा म्हणला ना तुला? म्हणू दे. भित्रं पोरगं घरी येतंय, कुलदीप.

काढून टाकलं तर ईटला ये. भट्टीवर हात कमीच पडायलेत. आन न्हाय काढलं तर राहा तिथं, चांगलं नीट शिक. पण आईला आज सांग. आत्ता, माझा फोन ठेवल्यावर. रडली तर रडू दे तिला. मी जाते उद्या तिच्याकडं.

आन उद्या काय करणार?… उथळ पाण्यात? मास्तर हाय ना बरोबर?… किती खोल?… आठ-दहाच. बरं. मग आता आशीर्वाद घे. आमच्या दोघांचा बी घे… हे हात वर करायलेत बघ. दिसत न्हाय तुला, पण करायलेत.

हां. जेव आता. जेवलास का?… मासे? खातोस व्हय तू आता?… बरं, बरं. ठेव मग.

आन उद्या वर आलास की लगेच फोन कर मला… न्हाय. न्हाय, थांब. लगेच न्हाय. फोनसाठी गडबड करू नको. हळू ये तू वर… व्हय. किती का वेळ लागंना. आमी दोघं बी हितंच बसलोय.