नानांची उजवी चप्पल आणि ताराबाईंचं कमळ

मंडळी, ऐका! देवापुढे उभं राहिलं की आपण हात जोडतो. डोळे मिटतो. मान लववतो. अगदी रीतसर! पण मला एक सांगा – त्या वेळी मन कुठे असतं? खरं सांगा हं, देवळात बसला आहात.

राहू द्या, सांगू नका. आपल्या शहाण्या वाडवडिलांनी उत्तर आधीच देऊन ठेवलंय – देह देवळात, चित्त खेटरात! हे ज्यानं म्हटलं, त्यानं कऱ्हाडचे नाना रिसबूड पाहिले असणार असं मला राहून राहून वाटतं.

तर आजचं आख्यान नानांचं. आणि ते घडलं कुठे? लंकेत! नाही नाही, रावण नाही, मारुती नाही – वानरं मात्र आहेत, धीर धरा. लंकेत अनुराधपूर म्हणून फार जुनी नगरी आहे, बौद्धांची पवित्र नगरी. हिमालयातल्या शुभ्र टेकड्या असाव्यात तसे स्तूप, आणि मधोमध बोधिवृक्ष. गौतम बुद्धांना ज्या झाडाखाली बोध झाला, त्याची फांदी संघमित्रा नावाच्या भिक्षुणीनं समुद्रापार नेऊन लावली, ते हे झाड! दोन हजारांहून जास्त वर्षं लोकांनी जपलेलं. इथं पुढं बसलेल्या एका गृहस्थांनी मला मघाशी विचारलं, बुवा, रामाच्या देवळात बुद्धाची गोष्ट कशी? मी म्हटलं, अहो, चपला दोन्हीकडे बाहेरच काढायच्या असतात!

आणि गोष्ट चपलांचीच आहे.

नाना पोस्टातून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, पण चपलांच्या बाबतीत पोळलेला. नरसोबाच्या वाडीला एक जोड गेला. तुळजापूरला एक गेला. तिसरा तर – काय सांगू – स्वतःच्या मुलीच्या लग्नात! पाहुण्यांना निरोप द्यायला नाना अनवाणी उभे. व्याही म्हणाले, किती नम्र माणूस!

तेव्हापासून नानांनी युक्ती काढली. हसताय काय? तुमच्यातलेही चार जण करतात. एक चप्पल या दाराशी, दुसरी त्या दाराशी! चोराला जोडी लागते. एकट्या चपलेला चोर काय, कुत्रंसुद्धा विचारत नाही, असं नानांचं शास्त्र.

लंकेच्या सहलीसाठी त्यांनी नवा कोल्हापुरी जोड घेतला. करकरता! नाना गल्लीत शिरले की चौकापर्यंत कळायचं.

आता बरोबर कोण? पत्नी वेणूताई. खरं म्हणजे सहल ठरवली होती वेणूताईंनी आणि त्यांच्या मैत्रिणीनं, ताराबाई गायकवाडांनी. ताराबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. वेणूताईंना मोठं दुखणं आलं तेव्हा घरचे थकले, पण ताराबाई उशाशी बसून राहिल्या. ताराबाईंची जन्मभर एकच इच्छा, अनुराधपूरचा बोधिवृक्ष डोळ्यांनी बघायचा. आणि निघायच्या तोंडावर न्हाणीघरात पाय घसरला! खुब्याचं हाड मोडलं. वेणूताई म्हणाल्या, मीही जात नाही. तर ताराबाई कॉटवरून म्हणाल्या, "तू जा गं. माझ्या नावानं एक कमळ वाहा, म्हणजे मी जाऊन आले."

बस, एवढंच. एक कमळ! मंडळी, हे कमळ डोक्यात धरून ठेवा, कारण नाना धरणार नाहीत.

तर बस अनुराधपूरला पोचली. वाटाड्या स्थानिक, बंडारा नावाचा, हिंदी मोडकं पण माणूस अघळपघळ. त्यानं फाटकापाशी सगळ्यांना एकेक, जोडप्याला मिळून एक, असं कमळ घेऊन दिलं आणि बजावलं की टोप्या काढा, चपला काढा, इथं चपला सांभाळणारा आहे, त्याच्याकडे ठेवा. सगळ्यांनी ठेवल्या. वेणूताईंचे गुडघे धरलेले, एका हातात काठी, दुसरा हात बंडाराच्या खांद्यावर. त्यांनी आपलं कमळ नानांच्या हातात दिलं. "ताराचं आहे. सांभाळा."

नाना म्हणाले, हो हो. आणि नजर कुठे? त्या चपला सांभाळणाऱ्याच्या मिशांवर! एवढ्या मिशा प्रामाणिक माणसाला असतात का? झालं. तुम्ही व्हा पुढे, आलोच, म्हणून नाना सटकले.

डावी चप्पल ठेवली एका झुडपामागे. उजवी घेऊन निघाले दुसरीकडे. तिथं जुन्या प्रासादाचे दगडी खांब, रानातल्या झाडांसारखे उभे, आणि वाटेकडेला तसलेच काही सुटे. एका सुट्या खांबाच्या बुडाशी नानांनी उजवी चप्पल सारली, वर पाचोळा घातला, मागे सरून पाहिलं, तर काय! सगळे खांब सारखे! परतल्यावर ओळखायचा कसा? खूण हवी. खूण म्हणून हाताशी काय होतं?

बरोबर! पाचोळ्यावर ठेवलं कमळ. मनाशी म्हणाले, पाहून ठेवतो आणि लगेच उचलतो.

तेवढ्यात मागून आली की सहलीची सगळी फौज! बंडारा वेणूताईंना धरून सावकाश दुसऱ्या वाटेनं गेलेला. पुढे सबनीसबाई. सबनीसबाई म्हणजे कुठेही गेल्या तरी आपलं काही बघायचं राहिलं का, याच काळजीत असणारी बाई. त्यांनी काय पाहिलं? नाना गुडघ्यांवर, समोर कमळ, तळहातांची माती झटकताहेत. त्यांनी विचारलं, नाना, हे कुठलं स्थान?

आता खरं सांगायला काय झालं होतं? पण चपलेची जागा गावभर सांगायची? नाना म्हणाले, "फार जुनं आहे. नमस्कार करा आणि पुढे चला."

मंडळी! सबनीसबाईंनी कमळ वाहिलं. त्यांच्यामागच्यांनी वाहिलं. एकानं वाहिलं की दुसऱ्यानं वाहायचं, कशाला ते विचारायचं नाही – हा आपला जुना कुळाचार! बघता बघता कोल्हापुरी चपलेवर कमळांची रास. एका आजोबांनी तर डोकं टेकलं आणि नातवाला परीक्षेत पास कर म्हणून साकडं घातलं!

नानांना काय वाटलं? लाज? छे! त्यांना वाटलं, आता हात लावायची कोणाची छाती आहे! आणि त्या आनंदात चालू लागले. कमळ तिथंच.

बोधिवृक्षापाशी आले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं वाळूवर शांत बसलेली. वर पिंपळाची पानं सळसळताहेत. बंडारा हलक्या आवाजात झाडाची कथा सांगतोय. वेणूताईंच्या डोळ्यांत पाणी. आणि नाना? झुडपामागे कुत्रं तर नसेल ना!

फुलं वाहायची वेळ झाली. वेणूताईंनी हात पुढे केला.

नानांनी आपला हात पाहिला. रिकामा. इतरांचेही रिकामेच! बंडारा चक्रावला, की मी तर सगळ्यांना घेऊन दिली होती. सबनीसबाई ठसक्यात म्हणाल्या, मघाच्या त्या जुन्या स्थानाला वाहिली, नानांनीच दाखवलं.

वेणूताईंनी नानांकडे पाहिलं. चाळीस वर्षं नवऱ्याच्या चपला शोधलेली बाई! तिला काही सांगावं लागतं? फक्त म्हणाली, "ताराला मी काय सांगू?"

नाना पळाले! उन्हानं दगड तापलेला, अनवाणी, टुणटुण उड्या मारत. पण पळाले कशासाठी – कमळासाठी की चपलेसाठी? त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खांबापाशी येऊन बघतात तर लंकेची वानरसेना! कमळं वानरांच्या आवडीची. पंगत बसली होती. रास संपलेली, एकच कमळ उरलेलं, आणि एक पिल्लू त्याच्याकडे सरकतंय. दुसरीकडे एक थोराड वानर नानांची उजवी चप्पल घेऊन खांबावर चढायच्या बेतात. दोन्ही हाताच्या अंतरावर. एकच काहीतरी धरता येणार!

सांगा, नानांनी काय धरलं?

चप्पल! हसू नका. हात आपसूक गेला. चपलेचा अंगठा थोडा कुरतडलेला, पण मिळाली. आणि मागे पिल्लानं कमळाचा घास केला.

नाना तिथंच उभे राहिले. हातात चप्पल. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना चपलेचा राग आला. वेणूच्या उशाशी बसलेली ताराबाई दिसली. हुंदका फुटला बिचाऱ्यांना.

समोरून एक म्हातारी येत होती. पांढरी साडी, टोपलीत फुलं. भाषा एकमेकांची कळत नाही. तिनं चप्पल पाहिली, रडणारा माणूस पाहिला, वानरांच्या तोंडातल्या पाकळ्या पाहिल्या. सगळं समजली. टोपलीतलं कमळ काढून तिनं दोन्ही हातांनी पुढे धरलं. नानांनी एक हात पुढे केला. म्हातारी देईना. हसत तशीच उभी राहिली. देवाचं फूल! देतानाही दोन हात, घेतानाही दोन हात.

नानांनी चपलेकडे एकदा बघितलं आणि टाकली! धुळीत, भर रस्त्यात, कुठे पडली तेही पाहिलं नाही. दोन्ही हातांत कमळ घेऊन पळाले. या खेपेला दगड भाजले की नाही, विचारा त्यांना. आठवत नाही म्हणतात.

वेणूताईंनी त्यांच्या ओंजळीखाली ओंजळ धरली आणि दोघांनी मिळून ते कमळ वाहिलं. मग नानांनी वर पाहिलं. म्हणाले, "अगं, केवढं झाड आहे!" इतका वेळ त्याच झाडाखाली उभे होते हो!

परतताना चप्पल? होती तशीच, भर रस्त्यात. लोक तिला वळसा घालून जात होते. डावी झुडपामागे, उजवी धुळीत, आणि मिशाळ गृहस्थानं बाकीच्यांच्या सगळ्या चपला पुसून ओळीनं मांडलेल्या!

घरी आल्यावर ताराबाईंनी पहिलं विचारलं, वाहिलंस का गं? वेणूताई म्हणाल्या, "वाहिलं. यांनी दोन्ही हातांनी आणलं."

नाना खाली बघत बसले.

तर मंडळी, आता आरती. दोन्ही हात जोडा – दोन्ही! आणि अहो, खांबाआडचे पाहुणे, मघापासून दाराकडे बघताय ते – तुमची एक चप्पल मारुतीच्या पाराशी आणि दुसरी विहिरीपाशी आहे, मी येतानाच पाहिलीये. कोणी नेत नाही. तुम्ही तेवढे इकडे या.