झाकण मात्र प्लॅस्टिकचं

खोटं बोलतात हे व्हिडिओवाले. साफ खोटं बोलतात, अन् हसून बोलतात, अन् खाली शंभर जण लिहितात 'वा भाई वा' — 'पूर्ण धातूची बॉडी', 'रणगाड्यासारखा मजबूत', 'आयुष्यभर साथ देईल' — कोणाच्या आयुष्यभर? कोणी विचारत नाही त्याइले. नाही नाही, तुमाले नाही बोलून राहिली मी, भूपेंद्रजी. तुम्ही तर घेणारे, तुम्ही फसलेले. द्या न इकडे, पाहू द्या. गळ्यातून काढा, पट्टा कॉलरले अडकला — हां. घाबरू नका, पाडत नाही. बापा, वजन तर आहे! अन् तुम्ही त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय डुगडुगते, ही घ्या. आता समोरच्या खोलीत मी काही बोलली का? नाही बोलली. पोहे दिले, नाव सांगितलं — उन्नती हिरालाल — शिक्षण सांगितलं, स्वयंपाक येते का विचारलं तर हो म्हटलं, अर्धं खोटं. मग नलूआत्या म्हणाली, पोरापोरीले मागच्या अंगणात जरा बोलू द्या. तर बोलू. माझ्याकडे विषय हाच आहे. खरं सांगू? तुम्ही फाटकातून आत आले तेव्हा मी तुमचं तोंड पाहिलंच नाही. हा पाहिला. गळ्यातला कॅमेरा.

आता पाहा. ही वरची पट्टी धातूची आहे, हे खरं. नखाने वाजवा — ऐका — थंड लागते अन् आवाज भरीव येते. तिथे खोटं नाही. ही चकती फिरवा. कट्, कट्, कट्. प्रत्येक घर बोटाले वेगळं लागते, डोळे मिटून सांगता येईन कुठे आहे. बनवणाऱ्याले अक्कल होती, मी मानते. ही लेन्सची रिंग तर — हिच्यात तेल घातलं आहे की काय? मऊ, पण सैल नाही. ठीक. आता उलटा करा. हे काय आहे? बॅटरीचं झाकण. प्लॅस्टिक! अन् कार्डही याच्याच आत, मतलब दिवसातून चारदा हेच उघडायचं — जी गोष्ट सगळ्यात जास्त उघडायची तीच सगळ्यात नाजूक! हे बिजागर पाहा न, बाबाच्या टिफिनचं याच्यापेक्षा मजबूत आहे, तो तर रोज सायकलवर आदळत स्टील प्लांटमध्ये जाते. अन् धूळ? ते म्हणतात, धुळीपासून बचाव आहे. आहे — पण कधी? जेव्हा पुढे लावायची रिंग वेगळी घ्याल, अन् त्याच्यावर काच वेगळी घ्याल, तेव्हा. मतलब छत्रीच्या काड्या विकायच्या अन् कापड वेगळं. तुम्ही पुण्यात राहता, तुमाले इथली धूळ मालूम नाही. मी सकाळी हा ओटा पुसते, दुपारी याच्यावर बोटाने नाव लिहिता येते. इथे हा एक उन्हाळा काढन का? एक?

मले कसं मालूम? वाचलं. पाहिलं. सिव्हिक सेंटरच्या बाजारात एका दुकानात एकच आला होता, काचेच्या आत ठेवला होता, मी जायची अन् पाहायची. हातात देत नव्हता तो. 'मॅडम, लेना है तो निकालूँ.' एकदा म्हटलं, भैया, निकालो. तर म्हणते कसा — 'लेना है?' अन् मी पायरी उतरली. मग कोणीतरी घेऊन गेलं. तर हातात पहिल्यांदा आला आहे हा, आत्ता, तुमच्यामुळे, अन् मी त्याच्यात खोट काढून राहिली — तुम्ही म्हणत असाल, पोरीचं डोकं फिरलं आहे. हसा न, हसले तर चालते. आत्या आतून ऐकून राहिली, तिच्या बांगड्या थांबल्या आहेत, पाहा. पोळ्या लाटताना अशा थांबत नाही तिच्या बांगड्या.

किमतीइतका आहे का? नाही. नाही म्हणजे नाही. तुमची आई खोलीत म्हणाली न, इतके पैसे अन् झूमही नाही कावून रे — बराबर म्हणाली, कोणीही म्हणन. पण एक सांगू, झूम नाही हे मले पटते. दूर उभं राहून कोणाले ओढून घेता येत नाही. पायाने जावं लागते जवळ. जवळ गेलं की तो माणूस तुमाले पाहते, अन् मग तुमाले लाज वाटते, अन् वाटली पाहिजे. अन् आता हे दाबा — थांबा, मीच दाबते, त्या पेरूच्या झाडावर. झालं. ऐकलं काही? नाही न? काहीच नाही! पैसे याचे आहेत. झाकण-बिकण सगळं सोडा, पैसे या न आलेल्या आवाजाचे आहेत. अन् ही स्क्रीन अशी वर उघडायची, पोटाजवळ धरायचा, मान खाली — जशी मी पर्समध्ये चिल्लर शोधून राहिली. कोणाले पत्ता नाही.

कशाले पाहिजे मले? चावडीवर. नाही, तुमच्या तिकडच्या गावात असते तशी चावडी नाही हो — 'हो' म्हटलं, 'अहो' नाही म्हटलं, गैरसमज नको — इथे चावडी म्हणजे मजुरांचा नाका, सकाळी काम शोधायले जिथे उभे राहतात तो. जामुलच्या रस्त्यावर एक आहे. एका बाजूले माणसं, एका बाजूले बाया, त्याइले रेजा म्हणतात, गिट्टी वाहायले, सिमेंटच्या बोऱ्या उचलायले. मी जाते तिथे, आठवड्यातून दोन-तीनदा. कॉलेजातल्या एका मॅडमने सांगितलं होतं, यांच्यावर कोणी काम केलं नाही, तर सुरुवातीले त्याच्यासाठी गेली, आता मॅडम बदलून गेल्या अन् मी जातेच आहे. तिथे ठेकेदार येते मोटरसायकलवर. उतरत नाही, एक पाय खाली टेकवते. मग पाहते. असा — वरून खाली. मग बोट करते — तू, तू, अन् ती हिरव्या साडीवाली. एकीले म्हणाला, हात दाखव. तिने दाखवले, दोन्ही बाजूने, असे. म्हणे, ही पातळ आहे, बोरी नाही उचलणार. तिच्या तोंडावर म्हणाला! अन् तिने भांडावं की नाही? नाही भांडली. जिच्याकडे बोट होत नाही ती काय करते, मालूम आहे? पदर नीट करते. बस. पदर नीट करते अन् पुढच्या गाडीकडे पाहायले लागते, हसरं तोंड करून. मले तो फोटो पाहिजे. तेवढाच. पदर नीट करतानाचा.

मोबाइलने नाही निघत तो. काढला न मी, कितीदा काढला! मोबाइल वर केला की सगळ्या जणी बदलतात — कोणी तोंड झाकते, कोणी दात काढते, कोणी म्हणते माझ्या पोराचाही काढ. अन् ठेकेदार, तो तर एकदम सज्जन होते, बायाइले 'दीदी' म्हणायले लागते! एक गुलाब आहे त्याच्यात, चाळिशीची असन, ती मले एकदा जवळ बोलावून म्हणाली, 'पूछ के खींचबे, नोनी.' विचारून काढ, पोरी. आता विचारलं की गुलाब गुलाब राहत नाही, फोटोतली बाई होते, सरळ उभी, हात खाली. अन् न विचारता काढला तर? चूक आहे का? तुम्ही सांगा. नाही, तुम्ही नका सांगू, मीच सांगते — चूक आहे. मले कळते, मी काही येडी नाही. पण जो रोज पाहते, तो विचारून पाहते का तिले? तर मग मीच एकटीने कावून विचारायचं? — हेच डोक्यात फिरून राहते. म्हणून तर पाय एका जागी राहत नाही माझे. मी फिरून राहिली न केव्हाची? बसते. बसली.

ओरखडा एक नाही याच्यावर. कितीचा झाला हा? महिनाभराचा? अन् वापरला किती? ... राहू द्या.

एक गोष्ट सांगते, कोणाले सांगू नका, मतलब खोलीतल्या लोकाइले. बाबाने मले म्हटलं — बाबा माझे वाईट नाहीत हां, रेल मिलमध्ये उभं आयुष्य काढलं, मोठ्याने बोलत नाहीत घरात — ते म्हणाले, दोन वर्षांपासून पाहुणे 'नाही' म्हणून परत पाठवून राहिलो, लोक नावं ठेवतात बाई, तू एकदा नीट बस. तोंड वाकडं करू नको, अन् आपल्या तोंडाने नाही म्हणू नको. एवढं कर, मी तुले पाहिजे तो कॅमेरा घेऊन देतो. अन् मी हो म्हटलं! मी! ज्या पोरीने गॅदरिंगमध्ये माइक हातात घेऊन सांगितलं की पोरगी म्हणजे दुकानातली वस्तू नाही, टाळ्या घेतल्या, मावशीच्या मुलीच्या साक्षगंधात — तुमच्या पुण्यात साखरपुडा म्हणतात — जेवली नाही कारण तिथे पोराले गाडी देऊन राहिले होते — ती मी, कॅमेऱ्यासाठी हो म्हटलं. पटकन. विचारही नाही केला. म्हणून मी याच्यात खोट काढून राहिली, समजलं? झाकण प्लॅस्टिकचं निघालं तेव्हा मले आनंद झाला, खरंच झाला. वाटलं, ज्याच्यासाठी बसली तेच फालतू निघालं तर उठून जाता येईन. पण फालतू नाही हा. तेच तर आहे. झाकण आहे प्लॅस्टिकचं, धूळ जाईन, किंमत जास्त आहे, अन् तरी हातातून ठेवावा वाटत नाही. पाहा न, केव्हाचा माझ्याच हातात आहे.

तर आता मुद्द्यावर येते, कारण आत्या आता चहा घेऊन येईन. मी 'नाही' म्हणायचं नाही, हे ठरलं आहे. पण तुमच्यावर कोणाची अट नाही. तुम्ही म्हणा नाही. काहीही सांगा — उंची सांगा, रंग सांगा, पोरगी जास्त बोलते सांगा, हे तर कोणीही मानन! बाबाले वाईट वाटन, दोन दिवस वाटन, पण त्याइचा शब्द राहते, माझाही राहते, अन् मी पुढच्या महिन्यात कॅमेरा घेऊन चावडीवर उभी. अन् तुम्ही हो म्हटलं तर? तर बाबा आजच नारळ काढतात, मले मालूम आहे, ओट्याखाली आणून ठेवला आहे, सोलून. दिवाळीआधी साक्षगंध, मग पुणे, मग सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, अन् मी हा गळ्यात घालून फोटो कशाचे काढू? कुंड्यांचे? ढगांचे? तिथेही बाया उभ्या राहत असतील नाक्यावर, हो, असतील, पण त्या माझ्या ओळखीच्या नाहीत न. गुलाब म्हणते, तू आली नाही दोन दिवस तर वाटलं लगीन झालं तुझं. लगीन झालं, मतलब गेली. तिले अनुभव आहे, आधीही दोघी-तिघी आल्या होत्या म्हणे वही घेऊन.

तुम्ही वाईट नाही. म्हणजे, मले काय मालूम, पण ऐकून घेता. मधे तोंड घातलं नाही एकदाही. आतापर्यंत जे आले त्यातला एक विचारत होता, मंगळवारचा उपास करता का. एक सगळा वेळ आपल्या पॅकेजचं सांगत होता. तुम्ही नुसतं ऐकलं, अन् तेही कॅमेऱ्याच्या झाकणाबद्दल. हे मले आवडलं नाही असं नाही. पण तरी नाही म्हणा. म्हणाल न? मान हलवा न, असं काय पाहता? — हो की नाही, हे हलवणं कशाचं होतं?

बापा, मी तुमाले तर काही विचारलंच नाही! मीच बोलून राहिली. चला, सांगा. खरं सांगा. कावून घेतला तुम्ही हा? इतका महाग, मोबाइल असताना? कशाचे फोटो काढता? नाही, हात नका लावू, आधी सांगा, मग देते. मी हसत नाही. फिरायले जाता? पहाड-बिहाड? पक्षी? पक्ष्याइले तर हा चालत नाही, झूम नाही. माणसाइचे? माणसाइचे काढत असाल तर कोणाचे? — बोला न आता. मान खाली कावून घातली? वाईट वाटलं का मी झाकणाले नावं ठेवली म्हणून? — थांबा, तुमची आई येऊन राहिली. राहू द्या, मी धरते दार —

"भूपेंद्र, झालं नाही का रे अजून? अन् कॅमेरा इच्या हातात कावून दिला, फोटो काढला ना इचा? काढ, आटप, इथं उजेडात उभी कर, सरळ, घरी गेल्यावर तुया बाबाले बाकीच्या पोरीइच्या बाजूले ठेवून दाखवा लागन — अन् चाल मग, उतईवाले केव्हाचे वाट पाहून राहिले, तिथली पोरगी पाहायची हाय अजून."