डाळिंबाचा डाग

थीब्जच्या पश्चिम काठावर, ममी बांधणाऱ्यांच्या मांडवाबाहेर रांग लागली होती. वारलेल्या राजपुत्राला गुंडाळायला जुनं लिननचं कापड हवं होतं. कापड तपासता तपासता लेखनिक पेनबू समोरच्या दोघांचं ऐकत होता. एक राजपुत्राची म्हातारी दाई, दुसरा राजवाड्याचा धोबी.

"तामीतबाई, हे पांघरूण घेतील होय? डाळिंबाचा केवढा डाग!"

"सोळा वर्षं धुतोयस, पाशेद. निघाला का?"

"तुम्ही पोराला अंथरुणात डाळिंब खाऊ दिलंत, आणि नाव माझ्या हाताला?"

"आणि डाळिंब आणून कुणी दिलं होतं रे त्याला?"

"...बरं, पुढे सरका. रांग अडलीय."

पेनबूने पांघरूण उलगडलं. "आजी, डागाचं चालत नाही. त्याला देवापुढे उभं राहायचंय."

तामीत पांघरुणाची घडी करू लागली.

"थांबा हो बाई. ए लेखनिका, ते मी धुतलंय. राजवाड्यातलं कापड स्वच्छ आहे की नाही, ते मला विचारायचं."

"पण हा डाग..."

"राहू दे. आणि वरून नको गुंडाळू, सगळ्यात आत घे, अंगालगत. पोरगा पहाटे नदीवर यायचा माझ्याबरोबर. फार थंडी वाजते त्याला."