लीटनबाईंचा हक्क

(अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचं एक छोटं गाव, १९२६चा सप्टेंबर. तारली मासे डब्यांत भरणाऱ्या कारखान्याजवळच्या घराचं मागचं दार. दारात थर्झा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. बाहेर पायरीवर मिसेस लीटन, शाळा चुकवणाऱ्या मुलांना पकडून शाळेत पोचवणं हे गावानं त्यांना दिलेलं काम.)

थर्झा : शाळेच्या कायद्याचं ते सगळं ऐकलं. मला एवढंच सांगा, वेण्या घालायचं कलम कायद्यात कुठं आहे?

मिसेस लीटन : वेण्यांचं काय मध्येच?

थर्झा : मध्येच नाही. सकाळी पोर झिंज्या पिंजारून घराबाहेर पडते आणि संध्याकाळी दोन वेण्या, वर निळी रिबन अशी परत येते. रिबन माझ्या घरातली नाही.

मिसेस लीटन : तिचे केस डोळ्यांत येत होते. वर्गात कशी नेणार तशी?

थर्झा : वर्गात न्यायचं तुमचं काम. केसांचं माझं.

मिसेस लीटन : बरं. थर्झा, मी भांडायला आले नाही. डेल्फी अजून एकदा शाळेच्या वेळात बाहेर सापडली, तर मला न्यायाधीशांना कळवावं लागेल. ते आधी तुझ्या कानावर घालायला आलेय.

थर्झा : कळवलं की काय होईल? दंड करतील?

मिसेस लीटन : पहिल्यांदा तुला दंड झाला, तो तू भरलास. आता डेल्फीचं नाव सराईत म्हणून लागेल. मग मुलींच्या सुधारगृहात पाठवतात. तीन जिल्ह्यांपलीकडे आहे ते. वयात येईपर्यंत तिथंच.

थर्झा : चोरी केलीय तिनं? कुणाचं घर जाळलंय?

मिसेस लीटन : शाळा बुडवलीय. कायद्याला तेवढं पुरतं.

थर्झा : आणि तो कायदा म्हणजे तुम्ही.

मिसेस लीटन : मी फक्त हात धरून नेते. रस्त्यावर, धक्क्यावर, कारखान्यात, शाळेच्या वेळात मूल दिसलं की मला वॉरंट लागत नाही. आईची परवानगीही लागत नाही.

थर्झा : आणि घरात?

मिसेस लीटन : घरात तू बोलावल्याशिवाय नाही.

थर्झा : मग तिथंच उभ्या राहा.

मिसेस लीटन : राहते.

थर्झा : मार्चच्या गावसभेत तुमच्यासाठी हात वर करणाऱ्यांत मीही होते, माहितेय? म्हटलं, आधीचा तो दारुड्या पोरांना कॉलर धरून फरफटत न्यायचा, त्यापेक्षा बाई बरी. बायकांना मत मिळाल्यापासून पहिल्यांदाच दिलं, आणि ते असं अंगाशी आलं.

मिसेस लीटन : मी तिला कधी फरफटत नेलं नाही.

थर्झा : तेच तर. नेलं असतंत तर बरं झालं असतं. घरी येऊन रडली असती, मी जवळ घेतलं असतं. आता घरी येते आणि काय म्हणते? मिसेस लीटनच्या टेबलावर पांढरा रुमाल असतो. मिसेस लीटन काकवीची बिस्किटं करतात, मधे मऊ असतात. मिसेस लीटन बशीत चहा ओतत नाहीत. परवा झोपेत बडबडली, त्यातही तुमचंच नाव. मी उठून बसले. म्हटलं, या घरात मी कोण आहे?

मिसेस लीटन : तू तिची आई आहेस.

थर्झा : आई कसली. मासळीचं गलबत लागलं की कारखान्याचा भोंगा होतो. मग पहाट असो नाहीतर दुपार, मी अंगावर एप्रन टाकून धावत सुटते. उशीर झाला तर पुढच्या टेबलावरची जागा गेली. परत येते तेव्हा ती झोपलेली असते. जवळ घ्यायला गेले तर झोपेतच तोंड फिरवते. वास येतो माझ्या हातांना. लिंबानं घासले, व्हिनेगरनं घासले, जात नाही. तुमच्या हातांना कसला वास येतो?

मिसेस लीटन : काय विचारतेस हे?

थर्झा : लॅव्हेंडरचा येतो. तिनंच सांगितलंय.

मिसेस लीटन : कपड्यांत ती फुलं ठेवते मी, म्हणून.

थर्झा : आत या. समोरच्या खिडकीत हंसकॉमची म्हातारी कान टवकारून बसलीय. उद्या गावभर करील.

मिसेस लीटन : बोलावतेयस ना?

थर्झा : बोलावतेय. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. मला एक सांगा. शाळा चुकवून जाते कुठं ती? मी विचारलं की ओठ शिवल्यागत गप्प बसते. कारखान्यात येत नाही, ते मला माहितेय. धक्क्यावर मच्छीमारांच्या पोरांत असते?

मिसेस लीटन : नाही.

थर्झा : टेकडीवर? ब्लूबेरीच्या रानात?

मिसेस लीटन : नाही. सापडते ती... इथंच, गावात.

थर्झा : गावात कुठं?

मिसेस लीटन : माझ्या गल्लीत.

थर्झा : तुमच्या गल्लीत लपायला जागा कुठली? दोन घरं आणि एक मेपलचं झाड.

मिसेस लीटन : लपत नाही. माझ्या फाटकासमोर लाकडाचा ओंडका आहे. त्यावर बसते.

थर्झा : नेहमी?

मिसेस लीटन : नेहमी.

थर्झा : थांबा जरा. शाळा चुकवणारी पोर, पकडणारीच्या दारात जाऊन बसते?

मिसेस लीटन : हो.

थर्झा : पकडून घ्यायला.

मिसेस लीटन : हो, थर्झा. पकडून घ्यायला.

थर्झा : तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?

मिसेस लीटन : उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधीपासून.

थर्झा : आणि तुम्ही बोलला नाहीत.

मिसेस लीटन : नाही बोलले.

थर्झा : तिला आत घेऊन वेण्या घातल्या, बिस्किटं चारली, मग घंटा होऊन गेल्यावर हात धरून शाळेत नेलं. मास्तरांनी गैरहजेरी मांडली. ती तुम्ही सहीनिशी वर कळवली. अहो, तुम्हीच तिला एकेक पाऊल सुधारगृहाकडे नेताय, लाड करत करत.

मिसेस लीटन : रोज ठरवायचे, आज तिला रागावून हाकलायचं. दार उघडलं की ती समोर बसलेली असायची, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. मला बघून अशी हसायची की माझ्यानं व्हायचंच नाही. मिस्टर लीटन बोटीसकट बुडाले त्याला अकरावं वर्ष. त्यानंतर सकाळी माझी वाट बघणारं दुसरं कुणी नाही झालं.

थर्झा : माझीही बघत नाही कुणी.

मिसेस लीटन : तुझा हेवा करते मी, खरं सांगते. ती तुझी आहे, त्यासाठी तुला कुठलं कलम लागत नाही. मला मात्र ती शाळेत नसेल तेव्हाच तिचा हात धरता येतो. ती वर्गात बसली की मी कोणी नाही.

थर्झा : माझा हेवा. या चिंध्या बांधलेल्या हातांचा.

मिसेस लीटन : हो.

थर्झा : मला वाटत होतं, तुम्ही कीव करत असाल. त्याचाच जास्त राग यायचा... पोर आली बघा. डोळे पुसा.

डेल्फी : आई! मिसेस लीटन आपल्या घरात कशा? मी आज शाळेत होते. पूर्ण दिवस. मास्तरांना विचारा.

थर्झा : कुणी धरायला आलेलं नाही तुला. जेवणाचा डबा ठेव खाली. उद्यापासून शाळेत मी पोचवणार आहे. घंटेच्या आधी.

डेल्फी : आणि भोंगा झाला तर?

थर्झा : होऊ दे. आधी शाळा, मग कारखाना.

डेल्फी : मुकादम तुझी जागा दुसरीला देईल. मग मागच्या टेबलावर तुला चेंगरलेले, बारके मासे येतील. तूच म्हणतेस, ते कातरताना बोटं कापतात.

थर्झा : कापू देत. बोटं माझी आहेत.

डेल्फी : तू खरंच येशील? दारापर्यंत?

थर्झा : वर्गापर्यंत. तुझ्या मास्तरांनी नाक दाबलं तरी.

डेल्फी : मग मिसेस लीटन?

मिसेस लीटन : मी कशाला, डेल्फी? तू शाळेत गेलीस की माझा तुझ्यावर काही हक्क उरत नाही.

डेल्फी : थोडासुद्धा?

मिसेस लीटन : थोडासुद्धा नाही.

डेल्फी : पण मी ओंडक्यावर बसले तर? एकदाच?

मिसेस लीटन : तर मी दार उघडणार नाही. आणि मला ते फार जड जाईल, तेव्हा बसू नकोस. शब्द दे.

डेल्फी : ...दिला.

थर्झा : आता रडतेस का? मी येतेय ना तुझ्याबरोबर?

डेल्फी : तू येतेस म्हणून नाही रडत. मला तू यायला हवीच होतीस. मला दोघी हव्या होत्या.

मिसेस लीटन : मी निघते, थर्झा. काळोख पडेल.

थर्झा : थांबा. शनिवारी शाळा असते का हो?

मिसेस लीटन : शनिवारी? नाही.

थर्झा : म्हणजे तुमच्या कायद्याचं काही चालत नाही त्या दिवशी.

मिसेस लीटन : काही नाही.

थर्झा : शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे घेवड्याचं मडकं उतरतं. सगळ्या गावात उतरतं तसंच. त्यातला डुकराच्या मांसाचा तुकडा यंदा लहान आहे, पण काकवी भरपूर घालते मी. या जेवायला.

मिसेस लीटन : येईन.

डेल्फी : मी यांच्याशेजारी बसू?

थर्झा : मधे बस. पण खुर्ची माझ्याकडे सरकवून.